फाइल काढून बघा

पडद्यावर एआय एजंट काम करत होता आणि आम्ही दोघं मागे उभे राहून बघत होतो. सी भाषेतला जुना प्रोग्रॅम, भरपूर थ्रेड असलेला, मधूनच अडकून बसायचा. एजंटने शहाण्यासारखं जीडीबी हे डिबगिंगचं साधन उघडलं, चालू प्रोसेसला जोडलं आणि सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस मागितला. पानभर मजकूर आला आणि खाली सूचना उमटली: पुढचं बघायचं तर रिटर्न दाबा. एजंटने काहीच दाबलं नाही. तो वाट बघत राहिला, ठरलेली वेळ संपली आणि डिबगर प्रतिसाद देत नाही असं त्याने ठरवून टाकलं. मग कोडमध्ये जागोजागी प्रिंटएफ टाकत सुटला.

जीडीबी कसं वापरायचं याची सूचना-फाइल त्याच्या हाताशी होती. माझ्या सहकारी मैत्रिणीने ती मन लावून लिहिली होती. ब्रेकपॉइंट म्हणजे काय, वॉचपॉइंट कधी लावावा, स्टॅक कसा वाचावा, सगळं मुद्देसूद. रिव्ह्यूमध्ये तिघांनी वाचली आणि तिघांनाही आवडली. "यातलं एक तरी वाक्य चुकीचं आहे का, सांग," ती मला म्हणाली. एकही नव्हतं. फक्त 'सेट पेजिनेशन ऑफ' ही ओळ कुठेच नव्हती.

अशा फायलींचं सध्या पेव फुटलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने 'स्किल्स' आणली: एक फोल्डर, त्यात स्किल डॉट एमडी नावाची साध्या मजकुराची फाइल, वर नाव आणि थोडक्यात वर्णन, खाली सूचना. लिहायला कुणाची आडकाठी नाही, म्हणून भराभर लिहिल्या जातात. तपासल्या मात्र निबंधासारख्या जातात, म्हणजे वाचून. मला हे अजिबात पटत नाही. तोच बग, तोच एजंट, एकदा फाइल देऊन आणि एकदा काढून घेऊन चालवून बघा. दोन्ही वेळा तो सारखाच वागला, तर ती फाइल कितीही नेटकी असली तरी नुसती जागा अडवून बसली आहे.

मैत्रिणीच्या फायलीतला बराचसा भाग असाच निघाला. जीडीबी १९८६ पासून आहे. ब्रेकपॉइंट म्हणजे काय हे मॉडेलला आपण सांगायची गरज नाही. त्याला माहीत नसतं ते आपल्या घरातलं. आपल्या काही कंटेनरमध्ये पीट्रेसची, म्हणजे एका प्रोसेसने दुसरीत डोकावण्याची, परवानगी नाही, त्यामुळे तिथे जीडीबी चालू प्रोसेसला जोडताच येत नाही. आपलं नेहमीचं बिल्ड ऑप्टिमाइझ केलेलं असतं, म्हणून व्हेरिएबलची किंमत विचारली की पुष्कळदा 'ऑप्टिमाइझ्ड आउट' एवढंच उत्तर येतं. आधी डिबग बिल्ड करावं लागतं. मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम सहज वीसपट हळू चालतो, तेव्हा वेळेची मर्यादा वाढवल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. नवा मुलगा टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात शेजारी बसवून आपण हेच सांगतो. कागदावर हे कधी उतरतच नाही.

ते का उतरत नाही, याचा विचार मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कमिटमध्ये दुरुस्ती दिसते, शोध दिसत नाही. तीन दिवस चार चुकीच्या संशयांमागे घालवून पाचवा बरोबर निघाला, तरी रिपॉझिटरीत उरतात बदललेल्या दोन ओळी. मॉडेल शिकलं ते या दोन ओळींवरून. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०२५ मध्ये डीबग-जिम नावाच्या चाचणीत एजंटांना पायथनचा पीडीबी डिबगर वापरायला दिला. ३०० कामांच्या संचावर सर्वांत यशस्वी मॉडेलची मजल ४८.४ टक्क्यांपर्यंत गेली, आणि संशोधकांनी बोट ठेवलं ते नेमकं याच उणिवेवर: टप्प्याटप्प्याने निर्णय घेत केलेल्या शोधाच्या नोंदी प्रशिक्षणाच्या साहित्यात फार थोड्या आहेत. सूचना-फाइल ही जागा थोडीफार भरून काढू शकते, पण शोध कसा करायचा हे तिने सांगितलं तरच. कमांडची यादी देऊन ते होत नाही.

म्हणून तपासताना शेवटी टेस्ट हिरव्या झाल्या का एवढ्यावर मी समाधान मानत नाही. एक उदाहरण घ्या. प्रोग्रॅम नल पॉइंटरवर पडतो. जिथे पडला तिथे 'पॉइंटर नल असेल तर परत जा' अशी एक ओळ घातली की क्रॅश थांबतो, टेस्टही पास होते. पॉइंटर नल कुणी केला हा प्रश्न तसाच राहतो, आणि पुढच्या महिन्यात तोच बग दुसऱ्या दाराने आत येतो. मोझिलात जन्मलेलं आरआर हे साधन इथे फार कामाचं आहे. प्रोग्रॅमची एक फेरी ते नोंदवून ठेवतं आणि हवी तितक्या वेळा जशीच्या तशी पुन्हा चालवतं, उलटीसुद्धा. क्रॅशपाशी थांबायचं, त्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावायचा आणि मागे जायचं. त्या जागी शेवटचं कुणी लिहिलं तिथे ते आणून उभं करतं. (आरआरला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात आणि पुष्कळ व्हर्च्युअल मशीनवर ते मिळत नाहीत. हेही फायलीत हवं.)

तेव्हा चाचणीसाठी बग निवडायचे ते क्रॅशची जागा आणि मूळ कारण एकमेकांपासून लांब असलेले. एजंटला दुरुस्तीबरोबर कारणही लिहायला लावायचं आणि गुण कारणाला द्यायचे. त्यातल्या काही बगांच्या तक्रारीत मी मुद्दाम चुकीचा संशय लिहून ठेवतो: 'बहुतेक कॅशमध्ये गडबड आहे.' डिबगरने समोर वेगळंच दाखवल्यावर एजंट कॅशचा नाद सोडतो का, हे त्याच्या पावलांच्या नोंदीत स्वच्छ दिसतं. जीडीबी दहा वेळा उघडून एकदाही मत न बदलणारा एजंट मी नापास करतो, मग त्याची टेस्ट पास झालेली असो.

फाइल उघडली जाते का, ही परीक्षा त्याच्याही आधीची. स्किलमधलं फक्त नाव आणि वर्णन एजंटसमोर आधीपासून असतं. आतला मजकूर गरज वाटली तरच वाचला जातो. मैत्रिणीच्या फायलीच्या वर्णनात 'जीडीबी वापरण्यासाठी मार्गदर्शन' असं लिहिलं होतं. तक्रार करणारा माणूस जीडीबीचं नावही घेत नाही. तो म्हणतो, सर्व्हर हँग झालाय, सेगफॉल्ट येतोय, मेमरी वाढत चाललीय. वर्णनात हेच शब्द हवेत. उलट बाजूही तपासावी: साधी टायपोची दुरुस्ती सांगितली असताना ही फाइल उघडली जाता कामा नये.

एकदा चालवून काहीच सिद्ध होत नाही. ८० टक्के वेळा जमणारं काम सलग पाच वेळा जमण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के असते. रेस कंडिशनच्या बगांना तर डिबगर लावला की नाहीसं व्हायची खोड असते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या निबंधात अशा बगांना हायझेनबग म्हटलं होतं. तिथे एका यशावर फाइल मंजूर करणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

आणि एजंटने काय केलं नाही, तेही मोजायला हवं. जीडीबी चालू प्रोसेसला जोडलं की ती प्रोसेस थांबते. चाचणीच्या मशीनवर ठीक आहे. ग्राहकांचे व्यवहार चालू असलेल्या सर्व्हरवर तेवढ्या वेळात सगळे खोळंबतात. कोअर डंपमध्ये पासवर्ड असू शकतात आणि एजंट तो डंप निवांतपणे तक्रारीला जोडून देऊ शकतो. या दोन गोष्टींसाठी मी वेगळी कामं ठेवली आहेत. त्यांत एकदाही पाऊल चुकलं तर बाकीचे गुण मी बघत नाही.

मैत्रिणीने तिची फाइल एकेक परिच्छेद काढत पुन्हा चालवली. ज्याच्या जाण्याने काही बिघडलं नाही तो तिने कापला. स्वतः लिहिलेलं कापताना तिला जड गेलं, ते मला दिसत होतं. आता सगळ्यांत वर पेजिनेशनची ओळ आहे, मग परवानगी, मग डिबग बिल्ड, आणि त्यानंतर तिने एक नवी सूचना घातली आहे: प्रत्येक कमांडच्या आधी आपला अंदाज लिही, उत्तर आल्यावर तो टिकला की पडला ते लिही. त्या अडकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकमेकांसाठी खोळंबलेले दोन थ्रेड एजंटला आता सापडतात. पाचपैकी चार वेळा. पाचव्या फेरीची नोंद तिने काल छापून माझ्या टेबलावर ठेवली आहे, पेन्सिलने खुणा करून.