वॉर्साचे जुने शहर नकली नव्हे

तुमच्या अंकातील वॉर्सावरील लेखात हॉटेलची ऊबदार खोली आणि भरपेट न्याहारी यांचे वर्णन छान उतरले आहे. दमलेल्या प्रवाशाला ते हवेच. पण ‘जुने शहर नकली, तासाभरात उरकावे’ हा सल्ला मुळीच पटला नाही. वॉर्साच्या लोकांनी १९४४मध्ये केलेल्या उठावानंतर नाझींनी हा भाग जमीनदोस्त केला. लोकांनी ढिगाऱ्यातल्या विटा वेचून, चित्रकार बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रे पुढ्यात ठेवून घरे पुन्हा उभारली. युनेस्कोने १९८०मध्ये या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवले, ते या जिद्दीपायीच. आम्हा भिंगारकरांच्या दाराशी नगरचा किल्ला आहे; ढासळलेली तटबंदी उद्या कुणी जशीच्या तशी बांधली, तर तिला आम्ही नकली म्हणणार नाही.

वॉर्सात कोल्हापूरचे स्मारकही आहे. मराठी लेखात त्याचा उल्लेख नसावा, याचे फार वाईट वाटले. त्यामागची कहाणी अशी: १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक बायका-मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. कौलारू बराकी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती. तरी पोरांना शाळा होती, चर्च होते. हॉटेलचा पत्ता दिलात, तसा या स्मारकाचाही पुढील अंकात द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, भिंगार (जि. अहिल्यानगर)