‘पैसा नाही’ ही सबब चालणार नाही

पावसाळा आला की गरिबांच्या वस्त्यांची आठवण व्हावी आणि चिखल वाळला की तिचा विसर पडावा, हा आपल्याकडील लहान शहरांचा परिपाठच होऊन बसला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे तालुक्याचे ठिकाण यास अपवाद ठरावे, अशी आमची इच्छा आहे. त्याकरिता कोणाच्या दयेची वाट पाहावयास नको, कायद्याची वाट मोकळी आहे, हे नेरच्या सुज्ञ नागरिकांच्या नजरेस आणून देणे हाच आजच्या लेखाचा हेतू होय.

वस्तीसुधारणेचा विषय निघाला की दोन आक्षेप हटकून पुढे येतात. नगरपरिषदेच्या तिजोरीत पैसा नाही, हा पहिला. आणि हे लोक आपण होऊन अशा जागी येऊन राहिले, त्यास कोण काय करणार, हा दुसरा. रतलामच्या नगरपालिकेने हेच दोन आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढे मांडून पाहिले होते. त्या शहरातील एका भागात उघडी गटारे तुंबत, आणि जवळच्या झोपड्यांतील लोकांस शौचकूप नसल्याने ते रस्त्याच्या कडेला बसत. रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. प्रकरण वरपर्यंत गेले आणि २९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की द्रव्याभाव ही मूलभूत कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही. यातील मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. न्यायालयाने झोपड्या हटविण्यास सांगितले नाही. नाल्या बांधा, पाणी द्या, शौचकूप उभारा, असे सांगितले. रोग घाणीत होता, गरिबांत नव्हता.

ज्या कलमाखाली हा हुकूम झाला, ते फौजदारी प्रक्रिया संहितेतील १३३ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच १५२ व्या कलमात कायम आहे. शिवाय १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात नाल्या व शौचकूप यांची गणना आवश्यक कर्तव्यांत केलेली आहे, ऐच्छिक कर्तव्यांत नव्हे. १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमाच्या नावातही ‘सुधारणा’ हा शब्द आधी व ‘निर्मूलन’ हा मागून येतो. मग अंमलदारांनी तो क्रम उलटा का वाचावा?

आता घरांकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या शहरी कुटुंबास केंद्राकडून दीड लाख व राज्याकडून एक लाख रुपये मिळतात. परंतु ‘स्वतःच्या जागेवर’ या दोन शब्दांपाशी घोडे अडते. ज्याच्या पायाखालची जमीन सरकारी, त्याच्याजवळ कागद नाही; आणि कागद नाही म्हणून अनुदान नाही. अर्थात जो सर्वांत गरजू, तोच योजनेबाहेर! शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पर्यंतची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१८ साली जाहीर केले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. परंतु मोजणी व पट्टा यांवाचून धोरण म्हणजे कागदी कढी होय. म्हणून पट्टा आधी, नाली मागून आणि घर त्यानंतर, हाच क्रम शहाणपणाचा आहे.

नालीविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. बारा हजारांच्या अनुदानात शौचकूप उभा राहतो. त्याचे पाणी कोठे जावयाचे, हा प्रश्न मात्र उभाच राहतो. वऱ्हाडातील काळी माती पावसात फुगते आणि पाणी पोटात घेत नाही. शोषखड्डा चार सरींत भरतो व घाण अंगणात येते. अशा खड्ड्यात माणूस उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम यंत्रानेच झाले पाहिजे. त्यातच सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हा सिमेंटचा थर चढविण्याची नवी रीत पडली आहे. रस्ता वर जातो, झोपडी खाली राहते आणि रस्त्याचे पाणी चुलीपर्यंत पोहोचते. यास सुधारणा म्हणावयाचे काय?

आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणे अवश्य वाटते. तुमच्या कापसाचे गाठोडे ज्या पाठीवर चढते, तुमच्या दुकानातील पोती जे हात उचलतात, ती माणसे सायंकाळी याच वस्त्यांत परततात. तेथील गढूळ पाण्यापासून उद्भवणारी कावीळ आणि साचलेल्या पाण्यावरील डास पेठेची वेस पाहून थांबत नाहीत. दृष्टीआड सृष्टी हा न्याय रोगराईस लागू नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. त्यांच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. त्यांचे काम पुढे नेणे अवघड आहे. नेर नगरपरिषदेने प्रत्येक वस्तीची मोजणी, पट्टे, नाल्या व शौचकूप यांचा मुदतीसह आराखडा चव्हाट्यावर मांडावा, आणि नागरिकांनी तो वर्षावर्षाला तपासावा, एवढेच आमचे मागणे आहे. आराखडा न निघाल्यास १५२ वे कलम आहेच. नागरिकांनी एकजुटीने उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचे दार ठोठवावे. यात कोणाशी वैर नाही. आपल्याच संस्थेस तिच्या कर्तव्याचे स्मरण देणे हे स्वराज्यातील नागरिकाचे पहिले काम होय.