अकिलीसचा राग आणि अकिलीसचे अश्रू

वीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. पण ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा पहिला शब्दच ‘राग’ असा आहे. होमरच्या नावावर असलेल्या या काव्याचे २४ सर्ग आहेत. ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातले काही आठवडेच त्यात येतात. खरी कथा आहे ती अकिलीस या वीराच्या मनाची.

सरसेनापती अॅगमेम्नॉन भर सभेत अकिलीसचा अपमान करतो आणि ब्रिसेईस ही त्याच्या वाट्याची बंदिनी हिसकावून घेतो. बाईला लुटीचा माल समजणाऱ्या त्या रीतीचे आम्हाला कौतुक नाही. पण भर सभेतल्या अपमानाची चीड आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अकिलीसचा राग रास्तच होता.

चुकले ते पुढे. तो रुसून तंबूत बसला. समजूत घालायला माणसे आली, नजराणे देऊ केले, तरी तो हलला नाही. तिकडे त्याचीच माणसे मरत होती. ते न बघवून त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचे चिलखत घालून लढायला गेला आणि ट्रॉयच्या हेक्टरच्या हातून मारला गेला. अकिलीस धुळीत लोळला, डोक्यावर राख ओतून घेतली. भांडण मिटले, पण राग गेला नाही. त्याने फक्त दिशा बदलली. त्याने हेक्टरला मारले, त्याचे प्रेत रथामागे बांधून फरफटत नेले आणि पुढेही दिवसेंदिवस तेच केले. तरी दुःख तसूभरही कमी झाले नाही.

मग एका रात्री हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, शत्रूच्या तंबूत आला. ज्या हातांनी आपली मुले मारली त्याच हातांचे त्याने चुंबन घेतले आणि मुलाचे प्रेत मागितले. अकिलीसला दूर गावी असलेला आपला बाप आठवला. दोघेही रडले.

यानंतरची गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. अकिलीसने प्रेताला स्नान घालायला लावले, पण प्रायमच्या नजरेआड. मुलाला पाहून म्हाताऱ्याचा संताप अनावर झाला, तर आपलाही तोल जाईल आणि हातून त्याची हत्या होईल, ही भीती त्याला होती. आपला राग तो आता ओळखू लागला होता! अंत्यविधीसाठी त्याने ११ दिवस युद्ध थांबवण्याचा शब्द दिला. काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर संपते.

अकिलीसने युद्ध सोडले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याला शाक्य संघात उभा राहून विरोध करणारा सिद्धार्थ त्याच्या कितीतरी पुढे होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती हकीकत सांगितली आहे. तरीही रागाकडून करुणेकडे अकिलीसने टाकलेले पाऊल खरे आहे.

अन्यायाची चीड हवीच. तिच्यावाचून चळवळ उभी राहत नाही. पण रुसून बसलेल्या पुढाऱ्याची किंमत कार्यकर्ते मोजतात आणि भावाभावांच्या अबोल्याची किंमत लेकरे मोजतात. तेव्हा ज्यांच्या घरी असा अबोला आहे, त्यांनी मयतीची वाट पाहू नये. आपणच आधी त्या दारात जावे.

जयभीम!