लपविलेली वर्षे

बारावीपर्यंत पहिल्या पाचांत असलेला मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी एकाएकी मागे पडतो. मित्रांकडे जाणे सोडतो, रात्ररात्र जागतो, दिवसा दार लावून बसतो. स्नानाची, कपड्यांची शुद्ध राहत नाही. आई म्हणते, अभ्यासाचा ताण. वडील म्हणतात, आळस. पुढे शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे तो सांगू लागतो, कोणी बोलले नसता उत्तरे देऊ लागतो, तेव्हा कोठे घर हादरते. तोवर वर्ष-दोन वर्षे उलटलेली असतात. स्किझोफ्रेनिया अथवा छिन्नमनस्कता या आजाराची ही नेहमीची वाट होय. तो बहुधा १६ ते ३० या वयात, मुलींत काहीसा उशिरा, म्हणजे शिक्षण, नोकरी व विवाह यांच्या ऐन उंबरठ्यावर माणसाला गाठतो.

प्रत्येक अबोल तरुणाला हा आजार असतो असे नव्हे. नैराश्य वा व्यसन यांमुळेही असे घडते. पण तो निवाडा मनोविकारतज्ज्ञाने करावयाचा, शेजाऱ्याने किंवा मांत्रिकाने नव्हे. उपचारास जितका विलंब, तितके सावरणे कठीण, हे आता निर्विवाद आहे. मग विलंब का होतो? अज्ञान हे कारण खरेच. परंतु सुशिक्षितांच्या घरी लज्जा त्याहून बलवत्तर असते. थोरल्याचे असे कळले तर धाकटीचे कसे जमावे? मधुमेहाची गोळी पाहुण्यांदेखत घेणारे कुटुंब ही गोळी कपाटात दडविते. आणि ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणणारा आप्त तर हटकून भेटतो. त्याने रोगी सुधारत नाही. दुसऱ्या घरची एक मुलगी मात्र फसविली जाते. याला भोळेपणा म्हणण्यास आम्ही तयार नाही.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला, तेव्हापासून हा आजार केवळ कोंडून ठेवण्याचा राहिलेला नाही. आजच्या औषधांनी भास व संशय बहुतेकांत आटोक्यात येतात. दोन औषधे निष्फळ ठरली तरी, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर, क्लोझापिन उरते. निरुत्साह मात्र औषधांना तेवढी दाद देत नाही. त्यासाठी काम, दिनक्रम आणि घरच्यांचा संयम लागतो. उठता-बसता टोचून बोलल्याने आजार उलटतो. बरे वाटताच गोळ्या परस्पर बंद केल्यानेही तो उलटतो. वजन वाढते, सुस्ती येते, ही रोग्याची तक्रार खोटी नसते. ती डॉक्टरांपुढे मांडावी, औषध बदलता येते.

२००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. त्यानंतर १६ वर्षांनी झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांना मनाई केली, उपचार हा हक्क ठरविला आणि विमा कंपन्यांना शारीरिक व मानसिक आजार समान मानण्यास सांगितले. कायदा चांगला आहे. परंतु खोलीचे लावलेले दार कायदा उघडू शकत नाही. ते घरच्यांनी, आणि त्यांच्याही आधी कदाचित शिक्षकांनी, वाजवावयाचे असते. आम्ही शाळेत शिकवीत असता पहिल्या बाकावरून मागे मागे सरकत गेलेल्या एका मुलाला वर्षभर ‘लक्ष दे’ एवढेच सांगत राहिलो. त्याचे काय झाले, याची चौकशीही आम्ही केली नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मनोविकार विभाग असतो. तेथवर जाण्यास पाय अडखळत असतील, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.