विद्यापीठातले पाळक

महाराष्ट्रातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. म्हणूनच तिथल्या विद्यापीठांत काम करणाऱ्या लुथरन पाळकांवर आम्ही हा अंक काढत आहोत. हे पाळक, स्त्री असोत वा पुरुष, चर्चच्या सेवेत असतात, विद्यापीठाच्या नव्हे. त्यांच्या हाती ना गुण असतात, ना प्रवेश. समुपदेशनात कळलेली गोष्ट न्यायालयातही न सांगण्याचा हक्क त्यांना कायद्याने दिला आहे. आमच्या मते त्यांच्या कामाचे मोल या स्वतंत्रपणात आहे. लाइपझिगचे विद्यार्थी-पाळक गेओर्ग-झीगफ्रीड श्मुत्झलर यांना पूर्व जर्मनीच्या राजवटीने १९५७ साली पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. मोकळेपणी बोलता येईल अशी जागा सत्तेला किती खुपते, हे त्यातून दिसते.

सरकारी विद्यापीठात धर्मगुरू कशाला, हा आक्षेप रास्त आहे. एकाकी विद्यार्थ्याचे मन वळवून धर्मांतर घडवणे हा हेतू असेल, तर त्याला विरोधच हवा. मात्र आर्थिक अडचणीतल्या परदेशी विद्यार्थ्यांना या पाळकांच्या विद्यार्थी-मंडळ्यांमार्फत मिळणारी मदत धर्म पाहून दिली जात नाही. पाळकांऐवजी मानसिक आरोग्याचे समुपदेशक नेमा, असेही कोणी म्हणेल. ते हवेतच, पण घरचे माणूस गेल्याचे दुःख किंवा जगण्याच्या अर्थाचा प्रश्न हा काही आजार नव्हे.

या अंकात पाळकांचे काम, त्याच्या मर्यादा आणि टीकाकारांची बाजू, तिन्ही गोष्टी मांडल्या आहेत. आपल्या विद्यापीठांत अशी स्वतंत्र जागा कोणी आणि कशी उभारावी, हे वाचकांनी आम्हाला जरूर लिहून कळवावे.