लोणी घराचे, ताक गावाचे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण ही संत एकनाथांची कर्मभूमी. नाथांच्या गौळणींत दही-दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी भेटतात; नाथषष्ठीच्या यात्रेची सांगता आजही काल्यानेच होते. मात्र परिसरातील शेतकऱ्यांच्या घरांत रवीचा आवाज आता क्वचितच ऐकू येतो.

रात्री विरजलेले दही पहाटे डेऱ्यात घालून रवीने घुसळले, की स्निग्धांशाचे कण एकत्र येऊन लोण्याचा गोळा वर येतो. उन्हाळ्यात गार पाणी किती, थंडीत कोमट किती, हे गृहिणीच्या हातालाच ठाऊक असे. लोणी कढवून तूप होई. ते टिके आणि विकलेही जाई. दुधातील बहुतांश प्रथिने मात्र ताकातच राहत. हे ताक सहसा विकले जात नसे. ज्याच्या गोठ्यात दुभते नाही, तो शेजारी भांडे घेऊन येई. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण याच व्यवहाराची साक्ष देते. लोणी घराचे आणि ताक गावाचे, अशी ही अलिखित वाटणी होती.

१९७० साली दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. पुढे संकलन केंद्रांमुळे शेतकऱ्याच्या हाती नियमित रोख पैसा आला. हा लाभ नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु केंद्रावर सगळे दूध गेले, की लोण्याबरोबर ताकही गेले. त्यातच मराठवाड्यात ज्वारीची जागा कापूस-सोयाबीनने घेतली. ज्वारी घटली तसा कडबा घटला आणि २०१२ व २०१५च्या दुष्काळांनी दावणी रिकाम्या केल्या. रवी थांबली, ती केवळ शहरी लोण्याच्या मोहाने नव्हे.

म्हणून उपायही केवळ स्मरणरंजनाचा असून चालणार नाही. ज्वारीला किफायतशीर भाव हवा, म्हणजे कडबा टिकेल. एका वेळचे दूध घरी ठेवणाऱ्या कुटुंबांना महिला बचत गटांनी एकत्र आणावे. शहरातील कुटुंबांनी त्यांचे तूप घ्यावे. पण एक किलो तुपासाठी म्हशीचे किमान १४-१५ लिटर दूध लागते, हे जाणून योग्य मोल द्यावे. शहराने तुपाचे मोल दिले, तर ताक गावात उरेल. आपल्या गावातील किती मुलांच्या भाकरीसोबत आज ताक आहे, याचा शोध कार्यकर्त्यांनी घ्यावा. कामाची सुरुवात तेथूनच होईल.