यादी पाठवू नका

नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ दिलं, डिसेंबरात मलेशियानंही दिलं, आणि परदेश आमच्या सिंदी (रेल्वे)च्या आवाक्यात आला. (कंसातली ‘रेल्वे’ गाळू नका, नाहीतर वर्ध्याजवळच्या सिंदी (मेघे)ला पोचाल.) लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पोरं पैसे गोळा करतात आणि आई-बाबांना सहा दिवसांसाठी पट्टाया-बँकॉकला पाठवतात. याचं कौतुकच आहे. माझं भांडण त्या सहापैकी शेवटच्या दोन दिवसांबद्दल आहे आणि ते आई-बाबांशी नाही, तुमच्याशी आहे. तुमच्याशी म्हणजे पैसे भरणाऱ्या, तिकीट काढून देणाऱ्या आणि मग चौथ्या दिवशी रात्री व्हॉट्सॲपवर यादी टाकणाऱ्या पोरांशी.

ती यादी सगळ्यांना पाठ आहे. भाच्याला ब्लूटूथ स्पीकर. काकाजींच्या गुडघ्यांना तिकडचा बाम. आत्याबाईला पर्स, पण मागच्या वेळी तिच्या जावेला मिळाली त्यापेक्षा लहान नको. ऑफिसात वाटायला चॉकलेटं, किलोनं. कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे ठेवली त्या शेजारच्या वहिनींना ‘काहीतरी चांगलं’. मग पाचव्या दिवशी सकाळपासून प्रतुनामच्या गल्ल्यांत आई भाव करते, बाबा पिशव्या धरतात, आणि चार दिवस एकमेकांशी गोड बोललेली दोन माणसं भर बाजारात भांडतात. “तुमच्या बहिणीला पर्स आणि माझ्या बहिणीला की-चेन? असं कसं हो?” सहाव्या दिवशी हॉटेलच्या खोलीत बॅगेवर बसून चेन लावायची, वजनकाटा शोधायचा, बाम हँडबॅगेत चालतो का ते चिरंजीवांना फोन करून विचारायचं. सुटी संपली.

आता हिशोब करू. सिंदीहून गाडीनं बोरखेडी, मग बुटीबोरी, तिथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला जाणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. १९४८च्या कारखाने कायद्यानं त्यांच्या पगारी रजेचं माप ठरवलं, वीस दिवस कामामागे एक दिवस. वर्षात २४० दिवस भरले तर १२ दिवस मिळतात. म्हणजे बाबांच्या दोन दिवसांच्या रजेमागे चाळीस दिवसांची हजेरी उभी असते. चाळीस दिवस डबा घेऊन पहाटेची गाडी पकडली तेव्हा कुठे ते दोन दिवस हाती आले आणि ते आपण की-चेन निवडण्यात घालवायला लावले. आईच्या घरकामाला तर असा कायदाच नाही. तिच्या किती दिवसांमागे एक दिवस, ते कुणी ठरवलेलं नाही, कारण तिला तो द्यायचा आहे असं कुणी धरलेलंच नाही.

‘फॉरेनची वस्तू’ आणायची रीत मुळात मूर्खपणाची नव्हती, हे मान्य करायला हवं. १९९०च्या आसपास आपल्याकडे आयात शुल्काचा सर्वांत वरचा दर तीनशे टक्क्यांच्या पुढे होता आणि कितीतरी ग्राहकोपयोगी वस्तू रीतसर आणताच येत नव्हत्या. त्या काळी दुबईहून आलेला टेपरेकॉर्डर हे खरंच अप्रूप होतं. आणणाऱ्यानं आपल्या वाट्याचा परदेश दुसऱ्याला दिला असाच त्याचा अर्थ होता. पण वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले संख्येचे निर्बंध १ एप्रिल २००१ला उठले. तुमच्यातले बरेचजण त्यानंतर जन्मलेत! ज्या फोनवरून तुम्ही यादी पाठवता त्याच फोनवर तो स्पीकर, तो बाम, ती चॉकलेटं सगळं मिळतं. जवाहरलाल नेहरू बंदराचा ड्राय पोर्ट आमच्या सिंदीत आणायचं ठरलंय. कंटेनरच गावात उतरणार असतील तर आईनं खांद्याला पिशवी लावून काय आणायचं राहिलं?

या दोन दिवसांत नेमकं काय जातं, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. गावातल्या संसारात नवरा-बायको एकटे असे नसतातच. आधी सासू-सासरे, दीर, नणंदा, मग पोरं, पोरं शिकायला नागपूर-पुण्याला गेली की म्हातारपण आलेली सासू. पंचवीस वर्षांत दोघांनी सलग दोन दिवस एकमेकांशी पैसे, दवाखाना आणि पोरांचे मार्क सोडून काही बोलल्याचं त्यांनाही आठवणार नाही. बरं, परदेशात पोचल्या पोचल्या ते सुटतं असंही नाही. पहिले दोन दिवस आई तिथूनही घर चालवते. गॅस बंद केला होता ना, नळ आला का, सासूबाईंना गोळी दिली का. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की नाश्ता कुणीतरी आयता देतंय आणि ताटही कुणीतरी दुसरंच उचलतंय. चौथ्या दिवशी ती समुद्रासमोरच्या खुर्चीत नुसती बसते. नुसती, म्हणजे हातात निवडायला भाजी नाही, दुमडायला कपडे नाहीत. बाबा शेजारी बसतात. गप्पांना पंचवीस वर्षांची सवय नाही, म्हणून आधी गप्पच असतात. पाचव्या दिवशी कदाचित बोलले असते. तेवढ्यात तुमची यादी येते.

डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला लावून दाखवलं होतं की अनुभवाची आठवण त्याच्या लांबीवर कमी आणि शेवटावर जास्त ठरते. सहल म्हणजे थंड पाणी नव्हे, त्यामुळे मी हा प्रयोग फार ताणत नाही. पण परतलेल्या कुठल्याही मावशीला “कसं होतं?” विचारा. समुद्र दुसऱ्या वाक्यात येतो. पहिलं वाक्य असतं, “अगं, बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलं.”

टूरवाल्यांचं वागणं समजण्यासारखं आहे, तो त्यांचा धंदा आहे. रत्नांच्या कारखान्याला ‘भेट’ असते आणि शेवटच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ असं लिहिलेलं असतं. मोकळा आणि खरेदीसाठी हे शब्द एका ओळीत बसतात याचं कुणाला नवल वाटत नाही. २०१६च्या बॅगेज नियमांनी परतणाऱ्या भारतीयाला पन्नास हजारांपर्यंतचा माल शुल्काविना आणू दिला, तर आमच्याकडे त्या सवलतीचं उद्दिष्ट करून टाकलं.

यावर पहिला आक्षेप येईल की वाटणं हा आपला संस्कार आहे, एकट्यानं मजा मारून हात हलवत गावात कसं यायचं? आक्षेपात अर्धं खरं आहे. ज्या वहिनींनी सहा दिवस सासूबाईंना जेवायला वाढलं, ज्या भावानं कापसाला पाणी दिलं, त्यांचं देणं आहेच. पण ते की-चेननं फिटत नाही. त्यांची उसनवारी श्रमाची आहे, तशीच ती फेडावी. वहिनी माहेरी जातील तेव्हा त्यांच्या घरचा स्वयंपाक करावा. यादीतल्या उरलेल्या वीस नावांनी काय केलंय? त्यांनी स्टेटस पाहिलं. दोन बोटांनी हृदय पाठवलं.

वर्धा जिल्ह्यात बसून लिहितेय तर इथं गांधी येणारच. सेवाग्राम इथून जवळ आणि अपरिग्रह हे आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक. पण मला आठवतो तो त्याही आधीचा प्रसंग. १९०१मध्ये गांधी कुटुंब दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ सोडून भारतात परतायला निघालं, तेव्हा निरोपाच्या भेटी सोन्या-हिऱ्यांच्या आल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा हार होता. गांधींनी रात्रभर विचार करून सगळ्याचा विश्वस्तनिधी करायचं ठरवलं, आधी मुलांना आपल्या बाजूला वळवलं आणि मग बायकोपुढे गेले. कस्तुरबांनी ऐकून घेतलं नाही. पुढे सुना येतील त्यांच्या अंगावर काय घालायचं, आणि तुमच्या सेवेत मीही रात्रंदिवस राबले, मग भेटीवर माझा हक्क कसा नाही, असा त्यांचा वाद होता. हे गांधींनीच आत्मकथेत लिहिलंय. शेवटी निधी झाला. गांधी बरोबर होते असं शाळेत शिकवतात. मला कस्तुरबांचा दुसरा मुद्दा आजही बिनउत्तराचा वाटतो.

तो इथं आणायचं कारण असं. “काही आणायचं नाही” हे बाबांनी एकट्यानं ठरवलं तर त्याची किंमत आई भरते. हळदीकुंकवाला, तान्ह्या पोळ्याला घरी येणारं कुणी बाबांना काही म्हणत नाही. “काय आणलं मंग बँकॉकून?” हा प्रश्न सुनेला विचारतात, आणि हात रिकामा दिसला की नाक तिच्याकडे बघून मुरडतात. म्हणून तिच्यावर उदात्तपणा लादायचा नाही. आधी मागणाऱ्यांनी मागणं थांबवायचं. सुरुवात घरातल्या सर्वांत धाकट्यांनी करायची, कारण यादी टाइप करणारी बोटं तुमची असतात आणि फॅमिली ग्रुपचे ॲडमिनही तुम्हीच. “आई-बाबा काही आणणार नाहीत, आम्हीच नको म्हटलंय,” असं ग्रुपवर ते निघायच्या आधी लिहा. शिव्या तुम्ही खा. त्या वयात पचतात.

मग ते दोन दिवस काय करतील? मला माहीत नाही आणि तुम्हीही ठरवू नका. चाओ फ्राया नदीत लोकांची नेहमीची होडी चालते, तीत बसून टोकापर्यंत जाऊन परत येता येतं. लुम्फिनी बागेत मोठ्ठाल्या घोरपडी गवतावरून निवांत चालतात. बागेचं नाव बुद्धांच्या लुंबिनीवरून ठेवलेलं आहे. वाट फोला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. ज्यांच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा घेतली अशी कितीतरी घरं आमच्या भागात आहेत. त्या घरातल्या जोडप्याला टूरच्या घाईत त्या मूर्तीसमोरून पुढं ढकललं जातं. त्यांना तिथं पुन्हा जाऊन अर्धा दिवस बसावंसं वाटू शकतं. किंवा दोघं एसी लावून दुपारी चारपर्यंत झोपतील. “एवढे पैसे भरून झोपायला गेले होते का,” असं तुमच्या तोंडी येईल. हो, झोपायलाच.

आणि भाच्याचा स्पीकर? आज ऑर्डर केलात तर ते परत यायच्या आत सिंदीत पोचतो.